टाळी कोणी सुरू केली?

थोर कला वेदनेतून जन्माला येते. आपल्या नायिकेची कला एका लाँड्रीत, हीटरसमोर, हॉटेलच्या ओल्या चादरींच्या सोबतीने वाढली. वेदना झाल्या त्या शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला.

पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. ती आत्याच्या लोकसंगीताच्या पथकात डफ वाजवायची, आणि तालमीलाच निघाली होती. डफावर पिशवी, पिशवीवर स्वतःचा स्वेटर, तरी कातडं ढिलं पडलंच. थाप मारली की कुणीतरी ओल्या गादीवर बसल्यासारखा आवाज यायचा. ऊब दिसली त्या पहिल्या दारात ती शिरली.

"धुवायला की इस्त्रीला?" काउंटरमागच्या तरुणाने विचारलं.

"शेकायला."

त्याने डफ उलटसुलट करून पाहिला. "डाग तर दिसत नाही कुठे."

"कातडं आहे. दमट हवेत सैल पडतं. ऊब मिळाली की ताठ होतं."

"आमच्या आजोबांचंही तसंच आहे," तो गंभीरपणे म्हणाला, आणि तिला आतल्या वाळवायच्या खोलीत घेऊन गेला.

तिला हसायचं नव्हतं... पण हसू आलं.

डफ तापला. तिने थाप मारली तशी दोरीवरची चादर शहारली. तो इतका खूश झाला की टाळ्यांनी ठेका धरून मोकळा झाला. ठेका चुकीचा होता. साधासुधा चुकीचा नव्हे. दोन थापांच्या मधे, जिथे आजवर कुणी टाळी वाजवायचं धाडस केलं नव्हतं, नेमका तिथे तो ठामपणे वाजवत होता.

तिची गाडी घसरली.

हेच तर तिचं दुखणं होतं. आत्याचा खांदा गेला होता. पथकातला मुख्य डफ आता कुणाला तरी द्यायचा होता. "हात सुरेख आहे गं तुझा," आत्या म्हणायची, "पण शेजारचा घसरला की तू त्याला सोबत करतेस. डफ म्हणजे घराचा खांब. खांबाने सोबतीला जायचं नसतं." सभागृहातल्या वार्षिक कार्यक्रमात ती टिकली तर डफ तिचा, नाही तर बाहेरचा वादक आणायचा, असं ठरलं होतं.

"टिकेन," ती म्हणाली होती. आत्मविश्वासाची टंचाई त्या घराण्यात कधीच नव्हती.

ती रोज लाँड्रीत येऊ लागली. पाऊस थांबला तरी.

"आज तर कडक ऊन आहे," एकदा तो म्हणाला.

"दमटपणा असतो हवेत. दिसत नाही."

"हो... मलाही जाणवतोय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांना कळलं नाही, चष्मेवाल्याला कळलं.

ती वाजवायची, तो टाळ्या द्यायचा, ती घसरायची, दात-ओठ खाऊन पुन्हा सुरू करायची. एका दुपारी मात्र ती घसरली नाही. त्याची टाळी आपल्या वाटेने गेली, तिची थाप आपल्या. तिने मान वर केली. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर वाफेचे थेंब, नजर तिच्या बोटांवर... आणि मग बोटांवर नाही. तिचा हात जागच्या जागी राहिला. बाकीचं बरंच काही राहिलं नाही.

कार्यक्रमाला तो पुठ्ठ्यासारखा ताठ शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला. शेवटचं जलद गाणं रंगलं, आणि त्याला राहवलं नाही. त्याने टाळी धरली. माणूस इतक्या खात्रीने चुकू शकतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. रांग त्याच्यामागे गेली, रांगेमागे सभागृह. गाणारे काका सभागृहामागे गेले, झांजवाले काकांमागे. पथक जिन्यावरून सुटलेल्या भांड्यांसारखं गडगडू लागलं. विंगेत आत्याने कपाळाला हात लावला.

ती हलली नाही. थाप... थाप... थाप.

काकांनी बुडत्याने काठाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि परत आले. झांजा परतल्या. सभागृहही परतलं. तिसऱ्या रांगेतली एक टाळी तेवढी होती तिथेच राहिली.

"डफ तुझा," पडदा पडल्यावर आत्या म्हणाली. मग आवाज चढला. "आता सांग, टाळी कोणी सुरू केली? कोण गाढव होतं ते?"

तो फुलं घेऊन दारातच उभा होता.

"माझं आहे, आत्या."

"काय तुझं?"

"गाढव."

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... खरंच?"

"पुन्हा नाही सांगणार."

"मला कधीपासून सांगायचं होतं गं — पण तू सारखी वाजवत असायचीस." त्याने फुलं तिच्या हातात दिली आणि हळूच पुढे वाकला. "एक सांगू? मधे तू जरा मागे पडली होतीस. पण मी सांभाळून घेतलं."

आत्याने तोंड उघडलं. तिने आत्याचा हात दाबला आणि त्याला म्हणाली, "हो रे. तू होतास म्हणून."

लग्नानंतर आत्याने जावयाला पथकात पडदा ओढायचं काम दिलं. दोर ओढताना दोन्ही हात अडकलेले असतात.