दार थॉर्नडेलचं, स्वयंपाकघर गिलबेकचं

पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. नुसती भुरभुर होती. तरी थॉर्नडेलच्या चहाघराच्या दारात उभा असलेला तरुण टोपीपासून बुटांपर्यंत निथळत होता, म्हणून ब्रायनी फॉसेटने त्याला आत घेतलं आणि सिनेमापायी येणाऱ्यांना सांगायचं ते सवयीने सांगू लागली. हेच ते निळं दार. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या सिनेमात दोन भावंडं हरवलेली बकरी घेऊन ह्याच दारातून घरी येतात. मूळ पुस्तक त्याच्या लहानपणी घरात असेलच, ते काही सांगायला नको...

"आणि हे ते स्वयंपाकघर," ती म्हणाली. "ह्याच चुलीपाशी आई वाट बघत बसलेली असते."

पाहुण्याने चूल नीट पाहिली. छत पाहिलं. मग टोपी काढून हातात धरली.

"चूल डाव्या हाताला होती," तो म्हणाला. "अजून आहे. सकाळीच तिच्यावर अंडी तळून आलोय."

ब्रायनीने हातातली किटली खाली ठेवली.

तो विल्फ आल्डरसन होता, टेकडीपलीकडच्या गिलबेकचा. ब्रायनीच्या मार्जोरी मावशीने बागेची पडलेली दगडी भिंत रचायला कोणाला तरी निरोप धाडला होता, तो हा. सिनेमावाल्यांनी घराचं दार थॉर्नडेलमधलं घेतलं होतं आणि आतलं स्वयंपाकघर आल्डरसनांचं. दोन्ही गावांना हे ठाऊक होतं. मावशीच्या चहाघरात तेवढं ते सांगितलं जात नसे.

"आता चारचौघांत सांगत सुटणार असाल," ब्रायनी म्हणाली.

"मी कशाला सांगू? तुम्ही इतकं छान सांगत होतात... मला क्षणभर वाटलं, आपणच आजवर भलत्या चुलीवर अंडी तळतोय."

ती हसली नाही. म्हणजे, त्याच्याकडे तोंड असताना हसली नाही.

भिंत सहा पावलांची. चुना नाही, सिमेंट नाही; दगडावर दगड बसवत न्यायचा. जाणत्या हाताचं चार दिवसांचं काम. विल्फचा हात चांगलाच जाणता होता, आणि त्याला तीन आठवडे लागले. एखादा दगड तो बसवी, मान तिरकी करून बघे, काढी, आणि चहा येईपर्यंत हातात धरून उभा राही. तेवढ्या दिवसांत त्याने ब्रायनीने भाजलेल्या स्कोन-पावांची अकरा वेळा तारीफ केली. त्यातल्या दोन वेळा ते करपलेले होते. ब्रायनीही दिवसातून चारदा चहा घेऊन बाहेर जाई. शेजारचे म्हातारे क्लेगसाहेब रोज तिथेच बाकावर बसलेले असत. त्यांना एकदाही कप मिळाला नाही.

बोलणी साधीच व्हायची. बकरीने चित्रीकरणात पडदा खाल्ला, म्हणून सिनेमात एका खिडकीला पडदा आहे आणि दुसरीला नाही, हे त्याने सांगितलं. आई गेली तेव्हा आपण नऊ वर्षांच्या होतो आणि तेव्हापासून मावशीच आपलं माणूस, हे तिने सांगितलं. मावशीला त्या निळ्या दारापुढे जग दिसत नसे. गिलबेकचं नाव निघालं की ती स्वच्छ कपबशा पुन्हा विसळायला घेई. ब्रायनी म्हणूनच कप न्यायला आल्याचं दाखवत बोले, आणि दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं तेही हळू आवाजात.

शेवटच्या शुक्रवारी, वरचे दगड बसवताना, विल्फने सांगितलं की लांब वेल्समध्ये एका मोठ्या मेंढवाड्यावर कामाची जागा आली आहे. इथलं शेत थोरल्या भावाचं. सोमवारी होय-नाही कळवायचंय.

"मग जा की," ब्रायनी म्हणाली. तिला वाटलं होतं, तो नाही म्हणेल.

"जाऊ?"

"मी कोण सांगणारी?"

"तेच तर... मला वाटत होतं, तू कोणीतरी आहेस."

अर्धा चहा असलेला कप त्याच्या हातातून घेऊन ती आत गेली. संध्याकाळी भिंत पूर्ण होती, आणि भिंतीपाशी कोणी नव्हतं.

शनिवारी गावच्या सभागृहात तो सिनेमा होता. दरवर्षी मेमध्ये असतो. थॉर्नडेलने डावीकडे बसायचं, गिलबेकने उजवीकडे. शेवटी निळं दार उघडलं की डावीकडे टाळ्या, आतली चूल दिसली की उजवीकडे. कुठे लिहिलेलं नाही, पण चुकत नाही. एकदा एका नव्या पाद्रीबाबांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. त्यांच्या प्रवचनाला महिनाभर माणूस फिरकलं नाही.

ब्रायनी पुढच्या रांगेत मावशीशेजारी होती. विल्फ उजवीकडे, अगदी मागे. तिने मान न वळवता ते पाहून ठेवलं होतं. पडद्यावर दार उघडलं, डावी बाजू दणाणली. ब्रायनीचे हात मांडीवरच होते. मावशीने एक कटाक्ष टाकला.

मग चूल दिसली. उजवीकडून टाळ्या आल्या... आणि डावीकडून, पुढच्या रांगेतून, हातांची एकच जोडी. उजवीकडच्या ओसरल्या तरी ती एकटी जोडी वाजतच राहिली. रांगाच्या रांगा वळून बघू लागल्या. पडद्यावर आई पोरांना कवटाळत होती, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"हात दुखतील," मावशी हळूच म्हणाली. "ऐकलं त्याने. जा आता."

"मावशी, तू..."

"तीन आठवडे लागले त्या भिंतीला. तो अजून थांबावा म्हणून मी तर दुसरी भिंत पाडायच्या बेतात होते."

बाहेर अजून उजेड होता. विल्फ पायरीवर उभा होता, टोपी पिळत, पाऊस नसताना.

"चुकून वाजवल्यास का टाळ्या?" त्याने विचारलं.

"नाही." तिने श्वास घेतला. "कालपासून दोनच शब्द घोकतेय, विल्फ... जाऊ नकोस."

त्याने पिळलेली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "सोमवारी त्यांना काय कळवू?"

"खरं ते."

"खरं लांबलचक आहे. पहिल्या दिवसापासूनचं आहे."

"मग आधी मला सांग."

ती त्याच्या बाजूने गिलबेकच्या वाटेला लागली, आणि तो सांगू लागला. ती वाट उभ्या चढाची आहे. तरी माथ्यावर पोचेपर्यंत दोघांपैकी कोणालाही धाप लागली नाही. किती हळू चालले असतील, हे ज्याचं त्याने मोजावं.