होसिया मेब्रीचं मत कुणी अडवलं?

"माझ्या वडिलांचं मत कुणीतरी मारलंय," डेलफीन मेब्री म्हणाली आणि खुर्चीत बसायचंच विसरली.

ल्युशसने उकडलेल्या शेंगांची पिशवी पटकन मांडीखाली सरकवली. अशील समोर असताना खायचं नाही, असा वहिनीचा नियम होता. वहिनी म्हणजे व्हर्नेल ब्रॉडनॅक्स, मिसिसिपीच्या या कापसाच्या पट्ट्यातली एकुलती एक खाजगी गुप्तहेर. तिचं ऑफिस लाँड्रीच्या मागच्या खोलीत होतं, त्यामुळे तिथे गुन्ह्यापेक्षा साबणाचाच वास जास्त येई. ल्युशस तिच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून तो वहिनीची गाडी चालवत होता. गाडी चालवता चालवता त्याने थोडा विचारही करावा, असं तिचं म्हणणं होतं. गाडी तो उत्तम चालवी.

"आधी बस," व्हर्नेल म्हणाली. "मत मारलं म्हणजे काय झालं?"

डेलफीन शाळेत शिकवायची. वर्गभर पोरांना एका शब्दात रांगेत उभं करणारा तिचा आवाज आज स्वतःच रांगेत राहत नव्हता.

"डॅडी तरुणपणी तुरुंगात जाऊन आले. तेव्हापासून त्यांना मत नाही. परत मिळवायचं तर आमदाराने त्या एका माणसाच्या नावाने विधेयक आणायचं आणि दोन्ही सभागृहांनी ते दोन तृतीयांश मतांनी मंजूर करायचं. एका म्हाताऱ्याच्या एका मतासाठी एवढा खटाटोप. मी आमदारांच्या पायऱ्या झिजवल्या, विधेयक तयार करून घेतलं. मार्चमध्ये ते गायब झालं. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, मागे घेतलं. कारण विचारलं की गप्प."

"आणि आज नावनोंदणीचा शेवटचा दिवस," ल्युशस म्हणाला. कोर्टाच्या दारावरची पाटी त्याने सकाळीच वाचली होती. "पाचला खिडकी बंद."

"पुढची गावची निवडणूक चार वर्षांनी. डॅडी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. डॉक्टर चार वर्षांचं नावसुद्धा काढत नाहीत." डेलफीनने हात मांडीवर घट्ट धरले. "एकदा, मिस व्हर्नेल. त्यांनी आयुष्यात एकदा मत द्यावं, आणि ते मला द्यावं, एवढंच मला हवं होतं. आता ते होणार नाही. अडवणाऱ्याचं नाव तरी मला कळू दे."

"तू यंदा परत उभी आहेस, नाही का? गेल्या वेळी तर..." ल्युशस म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

गेल्या वेळचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नगरसेवकपदासाठी डेलफीन आणि समोरचा उमेदवार, दोघांना समान मतं पडली. मग कायद्याप्रमाणे टोपीत दोन काड्या टाकल्या. डेलफीनच्या हाती आखूड आली. तेव्हापासून टवाळ पोरं तिला 'आखूड काडी' म्हणत.

"घरी कोण असतं?" व्हर्नेलने विचारलं.

"मी आणि डॅडी."

"त्यांचं काय म्हणणं आहे?"

"राहू दे म्हणतात. यंदा तर उभीच राहू नकोस म्हणाले. असे नव्हते हो ते. दर निवडणुकीला आपल्या व्हॅनमधून सगळं चर्च मतदानाला न्यायचे आणि स्वतः बाहेर बसून राहायचे. मार्चच्या शेवटी व्हॅनच विकून टाकली."

"तुरुंगात गेले ते कशासाठी?"

"स्ट्राउडच्या दुकानाची खिडकी फोडून आत शिरले. चोरी."

"चोरी की घरफोडी?"

"काय फरक पडतो? तुरुंग एकच असतो."

"त्यांचा मोबाईल त्यांच्याजवळच असतो ना?"

"असायला हवा. अर्जावरही तोच नंबर दिलाय. पण निम्मा वेळ ओटिस क्रमच्या सलूनमध्ये विसरलेला असतो."

ती गेल्यावर व्हर्नेलने आमदारांच्या ऑफिसात फोन लावला आणि ल्युशसला ऐकू येईल असा ठेवला. मिस प्रुइट नावाच्या सेक्रेटरीने उचलला.

"मेब्रींचं विधेयक कुणी पाडलं?"

"कुणीही नाही. मताला गेलंच नाही. आम्हीच मागे घेतलं."

"कुणाच्या दबावाने?"

"दबाव कसला? जुनी कागदपत्रं बघितल्यावर त्याची गरज..." मिस प्रुइट थांबली. "हे पाहा, मी शब्द दिलाय. अर्जावरच्या नंबरवर फोन करून सांगितलंय, त्यापुढे मला विचारू नका."

"फोनवर कोण होतं?"

"पुरुषाचा आवाज होता. मागे एक बाई त्यांच्यावर डाफरत होती, हात हलवू नका, हात हलवू नका म्हणून. मग ते म्हणाले, कृपा करा, हे कुणाला सांगू नका."

फोन ठेवताच ल्युशस उठला. "ओटिस. फोन त्याच्याकडे विसरलेला, निरोप त्याने घेतला आणि गिळून बसला. डेलफीनला हरवणारा कोण? ओटिसचा भाचा. झालं काम."

"छान," व्हर्नेल म्हणाली. "चल, त्याला अटक करून येऊ."

ओटिसच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक मानेपर्यंत गुंडाळलेलं होतं. आरशाच्या कडेने 'मी मत दिलं' असे छोटे गोल स्टिकर रांगेने चिकटवले होते.

"हे कुणाचे?" ल्युशसने विचारलं.

"माझे. मतदान केंद्रावर देतात. तुला कधी दिला नाही? डोकं हलवू नको रे," ओटिसने गिऱ्हाइकाला दटावलं.

"पण तू तर आत होतास. मी स्वतः बघितलाय तुला, तुरुंगाच्या शेतात, कैद्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून."

"गांजा विकला म्हणून होतो. म्हणून काय मत जातं? ज्या गुन्ह्यांनी मत जातं त्यांच्या यादीत माझा नाही, गड्या. मी व्यापारी माणूस." ओटिस हसला, मग गंभीर झाला. "होसियाचं वेगळं. चोरी यादीत आहे. बिचारा."

"त्याच्या मोबाईलवर मार्चमध्ये फोन आला, तो तू घेतलास?"

"माझे हात दिवसभर फेसात असतात. मी कशाला लोकांचे फोन उचलू?"

"इथे बायका येतात का?" व्हर्नेलने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"इथे? माझी बायकोसुद्धा दारात उभी राहून बोलते. म्हणते, आत केस उडतात."

बाहेर आल्यावर ल्युशस म्हणाला, "खोटं बोलतोय."

"एक शब्दही नाही," व्हर्नेल म्हणाली.

मिसेस स्ट्राउड गावाच्या गोऱ्या भागात राहायच्या. दुकान केव्हाच बंद झालं होतं. नव्वदीच्या बाई पंख्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी दोघांनाही मिस-मिस्टर न लावता नुसत्या नावाने हाक मारली, जशी काळ्या वस्तीतल्या या दोघांच्या आईवडिलांनाही मारत आल्या होत्या.

"होसियाला मत मिळू नये म्हणून तुम्ही कुणाला फोन केलात का, मिसेस स्ट्राउड?"

"उलट. आमदाराचा माणूस विचारायला आला तेव्हा मी म्हटलं, देऊन टाका. मी काय मत बरोबर घेऊन जाणार आहे?" बाईंनी थंड चहाचा घोट घेतला. "त्या रात्री काय कडाक्याची थंडी होती. मिस्टर स्ट्राउडनी दिवा लावला तर पोरगा शेगडीपाशी उभा, हात शेकत. शेरीफने झडती घेतली. खिशात स्वतःचीच काडेपेटी."

"मग चोरलं काय?"

"काही नाही. पण खिडकी फोडून शिरला म्हणजे वाईट हेतूनेच शिरला, असं जज्ज म्हणाले. आमचे हे मरेपर्यंत त्याला चोरच म्हणत. मलाही तेच तोंडात बसलं. तुम्ही लोकसुद्धा तेच म्हणता की."

गाडीत बसल्यावर ल्युशसने सुस्कारा टाकला. "सगळं फुकट गेलं, वहिनी. हाती काहीच नाही."

"सगळं आलं. मेब्रींच्या घरी घे." जरा वेळाने ती म्हणाली, "सावकाश चालव."

ल्युशसने तिच्याकडे दोनदा बघितलं. सावकाश हा शब्द वहिनीच्या तोंडून त्याने आजवर ऐकला नव्हता. कोडं सुटलं की ती एरवी खिडकीवर बोटांनी ताल धरायची. आज बोटं गुडघ्यावर तशीच पडली होती.

होसिया मेब्री व्हरांड्यात आरामखुर्चीत बसला होता. उंच, वाळलेला, डाव्या हाताला कोपराजवळ पांढरी पट्टी. डेलफीन शाळेतून येऊन पायरीवर टेकली होती. चार वाजून गेले होते.

"नाव मिळालं?" तिने विचारलं.

"मिस्टर होसिया, मी बोलू का?" व्हर्नेल म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली. "तू न बोलून उपयोग काय? ती दुसऱ्या कुणाकडे जाईल."

व्हर्नेल उभीच राहिली. "डेलफीन, विधेयक कुणी पाडलं नाही. त्याची गरजच नव्हती. मिस प्रुइट तेवढंच बोलून गप्प झाली. कोणत्या गुन्ह्याने मत जातं याची राज्याच्या घटनेत यादी आहे. चोरी आहे, खोटी सही आहे, दुसऱ्याच्या रानातली झाडं तोडून नेणंसुद्धा आहे. गांजा विकणं नाही, म्हणून ओटिस मत देतो. आणि घरफोडीही नाही."

"पण डॅडींनी तर चोरी..."

"काय चोरलं? सापडले तेव्हा ते हात शेकत होते. खिशात स्वतःच्या काडेपेटीशिवाय काही नव्हतं. शिक्षा झाली ती खिडकी फोडून शिरण्याची, म्हणजे घरफोडीची. चोर म्हणणारा होता मिस्टर स्ट्राउड. मग त्याची बायको म्हणायला लागली, मग गाव, मग तुम्ही. कोर्टाने त्यांना चोर कधी म्हटलंच नाही."

डेलफीनच्या चेहऱ्यावर हसू उगवायला लागलं. ते पाहून ल्युशसला उगाचच बरं वाटलं. "म्हणजे डॅडींना मत आहे?"

"होतं. कायमच होतं. एक दिवसही गेलं नव्हतं."

"मग त्या प्रुइटबाईने सांगितलं का नाही?"

"सांगितलं. मार्चमध्ये."

"ओटिसला," ल्युशस म्हणाला.

"न्हावी डोकं हलवू नको म्हणतो, ल्युशस. आपण आजच ऐकलं. हात हलवू नका कोण म्हणतं? आणि ओटिसच्या दुकानात तर बाई पाऊलही टाकत नाही."

ल्युशसची नजर पांढऱ्या पट्टीवर गेली. डायलिसिसला हातात सुई असताना माणूस हलला की नर्स डाफरते. त्याच्या स्वतःच्या आईवर किती वेळा डाफरली होती.

"पण वहिनी, आपलंच मत माणूस आपणच कशाला लपवेल?"

व्हर्नेल अंगणाकडे बघत राहिली. डेलफीनने वडिलांकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं.

होसियाच बोलला. "त्या दिवशी काड्या टाकायला टोपी हवी होती. माझीच मागून घेतली त्यांनी. मी शेजारी बोडका उभा होतो. एक मत, बेबी. माझं पडलं असतं तर टोपी लागलीच नसती."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, डॅडी? इतक्या वर्षांत एकदाही?"

"कुणाला विचारू? सुटलो तेव्हा दारावरचा शिपाई म्हणाला, मतबित आता विसर. विसरलो. पलीकडच्या गावात एकाने न विचारता मत दिलं, तो परत आत गेला. आणि खिडकीवर जाऊन काय विचारायचं होतं? साहेब, जरा बघून सांगता का, मी खरंच चोर आहे की नाही?"

डेलफीन रस्त्याकडे बघू लागली.

"राज्याने घेतलं, असं म्हणून मी जगलो. त्यात एक प्रकारची अब्रू होती. लोकांना मतदानाला न्यायचो, बाहेर बसायचो, पोरं म्हणायची, बघा, या माणसावर केवढा अन्याय. तो फोन आला आणि कळलं, कुणी घेतलंच नव्हतं. खिशात घेऊन बाहेर बसत होतो मी. तू हरलीस त्या दिवशीसुद्धा." त्याने पट्टीवरून हात फिरवला. "हे तुझ्यापुढे कसं मांडू, ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही."

ल्युशसला राहवलं नाही. "अहो पण अजून वेळ आहे. कोर्ट हे काय, इथे तर आहे. मी गाडी लावतो पायरीशी."

तो धावलाच. गाडी मागे घेऊन पायरीला टेकवली, मागचं दार उघडून धरलं. म्हाताऱ्याला चढायला सोपं पडावं म्हणून पुढची सीटही सरकवली.

व्हरांड्यात होसियाने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले होते, उठणाऱ्या माणसासारखे. पण तो उठला नाही.

"तूच सांग, बेबी," तो म्हणाला. "मी जाऊन नाव घालून आलो, तर तुला चालेल? तू चला म्हण. एवढंच म्हण, मी येतो."

डेलफीनने त्याच्याकडे मान वळवली. तिचं तोंड उघडलं. ल्युशसने मनातल्या मनात तिच्यासाठी तो शब्द म्हणूनही टाकला. साधा दोन अक्षरी शब्द, रोज वर्गात पोरांना म्हणत असेल.

तिने तोंड मिटलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागली.

वाट पाहत ल्युशस स्टिअरिंगशी जाऊन बसला. इंजिन घरघरत होतं. आरशात त्याला दोघं दिसत होती. बाप खुर्चीच्या कडेवर, मुलगी त्याच्याकडे पाठ करून, आणि मध्ये इतकी थोडी जागा की हात लांबवला तर पोचावा. कुणी हात लांबवला नाही.

बऱ्याच वेळाने व्हर्नेल पायऱ्या उतरून आली. तिने मागचं दार हळूच लावलं आणि ती पुढे येऊन बसली.

"इंजिन बंद कर, ल्युशस."

"अजून वेळ आहे, वहिनी."

"आहे," ती म्हणाली.

त्याने किल्ली फिरवली.