थांबणारा घोडा

धनराज घोडा विकत घ्यायला आला, तेव्हा तुळजा गाडीत मेथीच्या जुड्या रचत होती. हुमनाबादला तो लग्नाच्या वरातींना घोडे पुरवायचा.

"काशप्पाकाका हायेत का, अक्का?"

"अक्का कुणाला म्हणायलाव? कानापाशी तुमचेच केस पिकायलेत." ओझरतं पाहून तिने पुढची जुडी उचलली. "काका मंडीत गेलेत. घोडा माझाय."

तो हसला — अगदी मोकळं. "मग एक फेरी चालवून बघतो की."

"फेरी माझी हाय. बसायचं तर बसा... भोपळ्यांशेजारी."

तुळजाच्या अप्पांनी जन्मभर नौबादच्या गल्ल्यांतून याच घोडागाडीवर भाजी विकली. दिवाळीनंतर ते गेले. लगाम तुळजाच्या हातात आला, पण नावापुरताच. घोडा आपल्या मनाने दाराशी थांबे, टापा ऐकून बायका टोपल्या घेऊन बाहेर येत. त्यांतली पद्माबाई भाव कन्नडमध्ये पाडी आणि टोमणे मराठीत मारी. काका म्हणत, घोडा विक, ऑटो घे. तीही आता होच म्हणणार होती. फेरीतला एक थांबा तिला सोसवत नव्हता.

चहाच्या टपरीशी घोडा थांबला. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

"इथं कामून थांबायलाय?"

"अप्पा चहा प्यायचे. बशीत ओतून, फुंकून... तेवढा वेळ हा हलत न्हाई."

"आन् तुम्ही?"

"मी बसून ऱ्हाते."

धनराज उतरला, दोन चहा घेऊन आला, एक बशीत ओतून तिच्यापुढे धरला. बशी घेताना बोटांना बोटं लागली. अप्पांमागे तिने त्या टपरीवर घेतलेला तो पहिला घोट. गोड होता.

"एका फेरीत घोडा कळत न्हाई," धनराज म्हणाला.

पुढच्या सोमवारीही कळला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता तो वांगी तोलायला लागला होता, आणि पद्माबाईच्या टोपलीत दरवेळी एखादं जास्तीचंच जात होतं.

शेवटी काकांनी त्याला दारातच गाठलं. "घेणार हायस का न्हाई? उद्या दुसरं गिऱ्हाईक यायलंय."

तुळजाचा हात घोड्याच्या मानेवर थबकला.

"न्हाई जमायचं, काका. ह्यो दर दाराशी थांबतो. नवरदेव बसवला तर मुहूर्तच टळंल."

"मग इतके दिवस काय बघायलास?"

धनराजने तुळजाकडे पाहिलं. "नवरी थांबंल का... ते बघायलो."

काका खाकरले, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून आत गेले.

तुळजाने आयाळीत अडकलेली गवताची काडी काढली. मग दुसरी. तिसरी नव्हतीच, तरी शोधत राहिली.

"काका," ती आत ऐकू जाईल अशी म्हणाली, "उद्याच्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणा. घोडा विकायचा न्हाई. गाडीबी बंद व्हायची न्हाई."

मग धनराजकडे न बघता, हळूच —

"मुहूर्त संध्याकाळचा काढा. ह्यो सगळ्या दारांशी थांबतच येणार."