मार्लिसचा बदल

हसायचं त्याने हसावं. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. अमेरिकेत, डुलुथ गावात, जानेवारीत, भर दिवसा.

आमची कंपनी शीतगृहांच्या दारांचं सॉफ्टवेअर लिहिते. बदल केला की तो लगेच दारांवर लागू होतो. आत माणूस असेल तर दार मिटू नये, मिटलंच तर उघडावं, अशी तपासणी माझी सहकारी मार्लिस निएमी हिने त्यात घातली होती. त्यामुळे दार जरा हळू मिटायचं.

आमचा साहेब ब्रेंट. अक्कल तोळाभर, तोरा मणभर. एक गिऱ्हाईक कुरकुरलं, तसा त्याने तिचा बदल मागे घेतला. ती खूप भांडली. नाताळाआधी कॅन्सरने गेली. हा अंत्यविधीलाही फिरकला नाही.

मग एका सकाळी...

तपासणी परत आलेली. बदल कुणी केला त्या नोंदीत नाव, मार्लिस निएमी.

ब्रेंटने मलाच झापलं. "मेलेल्या बाईच्या नावाने चाळे करतोस?"

तिचं खातं त्यानेच बंद केलं होतं, याची मी त्याला आठवण करून दिली. त्याने बदल पुन्हा मागे घेतला.

जेवून आलो, तर...

परत हजर.

आठवडाभर हेच. शेवटी या शहाण्याने सगळे पासवर्ड बदलले, तपासणी काढली आणि मला घेऊन त्या गिऱ्हाइकाकडे गेला. दार किती झटपट मिटतं ते दाखवायला. बोलत बोलत स्वतःच आत शिरला.

दार खाडकन मिटलं.

आतून दार उघडायचा खटका गोठलेला. दारावर त्याच्या थापा ऐकू येत होत्या. मग त्याही थांबल्या...

आम्ही पहार शोधत होतो. तेवढ्यात दार आपोआप उघडलं.

ब्रेंट पांढराफटक. "आत कुणीतरी टाईप करत होतं," एवढंच पुटपुटला.

मी लॅपटॉप उघडला. तपासणी परत आली होती. तिच्याच नावाने.

माणसाने निदान गप्प बसावं. पण दुसऱ्या दिवशी, तोंडावर रंग आल्यावर, तो कॉम्प्रेसरचा आवाज होता म्हणून या निर्लज्जाने सगळ्यांना सांगितलं. आणि तिचा बदल पुन्हा काढला.

मी वाट पाहिली. दुपार झाली. संध्याकाळ झाली...

काहीच आलं नाही.

शेवटी मीच तो परत घातला, माझ्या नावाने. ब्रेंटला म्हटलं, "आता हात लावून बघ."

त्याने लावला नाही.

नोंद मी अजून रोज उघडतो. मार्लिसचं नाव पुन्हा आलेलं नाही. ती थकली, की त्याच्यावर थुंकून निघून गेली, की त्या गारठ्यात अजून कुठेतरी बसलीय...

मला माहीत नाही. त्या दारापाशी मी एकटा जात नाही.