बंद खिडक्यांची वाडी

उर्वीच्या दीड वर्षाच्या भावाचा, निहालचा, खोकला काही केल्या थांबेना. कोडं असं होतं, की वाडीतल्या सगळ्या घरांप्रमाणे त्यांच्याही खिडक्या महिनाभर घट्ट बंद होत्या. बाहेरची हवा आत येतच नव्हती, मग पोर खोकत कशामुळे होतं?

खिडक्या बंद झाल्या त्या टेकडीवरच्या केंद्रामुळे. २०४८ साली त्यांच्या ऊनकोंड गावी भूऔष्णिक वीजकेंद्र (जमिनीखालच्या उष्णतेवर वीज तयार करणारं केंद्र) सुरू झालं आणि त्याच्या मनोऱ्यातून पांढरे लोट निघू लागले. लोक घाबरले. शेवटी ग्रामसभेने हवा मोजणारा एक यंत्रमानव मागवला. कमरेएवढा, चार चाकांचा. मुलांनी त्याचं नाव ठेवलं माप्या.

माप्या पहिल्यांदा उर्वीच्याच घरी आला.

"अंगणात सूक्ष्मकण (श्वासातून छातीत जाणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ) घनमीटरमागे अठरा मायक्रोग्रॅम," तो म्हणाला. "घरात दोनशे दहा."

"उलटं सांगतोयस तू," आई म्हणाली.

"नाही, ताई. मनोऱ्यातून दिसते ती पाण्याची वाफ. घरात मात्र डासांची कॉइल जळते, पाणी तापवायची चूल पेटते. खिडक्या बंद, म्हणून तो धूर आतच कोंडतो."

आईने निहालला जवळ ओढलं. "म्हणजे मीच माझ्या लेकराला..."

"तुम्ही त्याला जपायलाच खिडक्या लावल्यात," माप्या हळू आवाजात म्हणाला.

उर्वीने विचारलं, "पण आम्हाला वाफेची भीती वाटली आणि धुराची का नाही वाटली?"

"धोका वेगळा आणि धोक्याची जाणीव (एखादी गोष्ट आपल्याला किती घातक वाटते ते) वेगळी. मनोरा नवा, भलामोठा. तुम्हाला न विचारता आलेला, आणि तो बंद करणं तुमच्या हातात नाही. अशा गोष्टीची भीती जास्त वाटते. कॉइल तर आपणच पेटवतो, रोज बघतो. तिची भीती वाटेनाशी होते."

आईने सगळ्या खिडक्या उघडल्या. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. चूल अंगणात हलली. आठवडाभरात निहालचा खोकला उतरला.

ग्रामसभेत माप्याने आकडे वाचले. "बाहेरची हवा सुरक्षित आहे. घाबरू नका."

तेव्हा शेळ्या राखणाऱ्या शेवंताकाकू उठल्या. "खालच्या ओढ्यात सकाळी सडक्या अंड्यासारखा वास येतो. माझ्या शेळ्या तिथे थांबत नाहीत. तिथे मोजलंस का रे?"

काहीजण हसले. माप्याने मात्र आपल्या नोंदी पुन्हा तपासल्या. मग म्हणाला, "नाही, काकू. मी घरांपाशीच मोजलं. चूक झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आणि उर्वी त्याला घेऊन निघाल्या. ओढ्याच्या काठावर माप्याने दोघींना थांबवलं आणि तो एकटाच उतरला. त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागला.

"हायड्रोजन सल्फाइड!" तो ओरडला. "विषारी वायू आहे. हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागी साचतो. मागे सरा!"

उर्वी काकूंचा हात धरून मागे सरली. सुट्टीत वाडीतली सगळी मुलं तिथल्याच डोहात डुंबायची.

ओढ्याच्या वरच्या अंगाने जाणारी केंद्राची एक नळी सांध्यापाशी गळत होती. त्याच दिवशी ती बंद करून दुरुस्त केली गेली. केंद्राच्या इंजिनिअर बाई स्वतः आल्या आणि काकूंना हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून कळलं."

उर्वीला आता उमगलं. आपली भीती कधी चुकीच्या दारात उभी असते, ते मोजल्यावर कळतं. आणि मोजायचं कुठे, ते तिथे राहणाऱ्या माणसांना ठाऊक असतं.

माप्या पुढच्या गावी निघाला, तेव्हा तिने बजावलं, "तिथे आधी लोकांना विचार हं."

"अहवालातच लिहिलंय तसं," तो म्हणाला. त्याच्या पडद्यावर अहवालाची पहिली ओळ उमटली. उर्वीने ती शेजारी उभ्या काकूंना वाचून दाखवली: 'धोका प्रथम ओळखणाऱ्या: शेवंता हुमणे. त्यांचे मनापासून आभार.'

काकूंनी पदराने डोळे टिपले. "पुन्हा वाच गं," त्या म्हणाल्या.