उजवी दांडी

वाचणाऱ्यांपैकी निम्मे हसतील, हे धरूनच लिहितेय. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दिवसभर डोळ्यांचाच धंदा. तेव्हा 'भास झाला असेल' हे मला कुणी सांगू नका.

गेल्या वर्षीची थंडीची सात दिवसांची सुट्टी. चौथा दिवस. रात्र नव्हती... भर दुपार होती, तीन वाजले होते. जागा, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली.

आमच्याकडे विजेवर चालणारी एक खेळण्यातली आगगाडी आहे. बाबांच्या लहानपणची, म्हणजे सत्तर वर्षं तरी जुनी. पत्र्याचे डबे, लोखंडी इंजिनं, आणि विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. त्याला दोन दांड्या. डावी फिरवली की बाहेरच्या रुळावरची गाडी पळते, उजवी फिरवली की आतल्या. बाबांचा धंदाच जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचा, त्यामुळे ही गाडी कधी बंद पडली नाही.

दर सुट्टीत रूळ मांडले जायचे. डावी दांडी बाबांची. उजवी ताईची.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी तापानं गेली. ऐन सुट्टीत.

सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा वाटलं होतं... आता उजवी दांडी माझी.

तसं झालं नाही. त्यानंतर दर सुट्टीत बाबा त्या खोलीत एकटेच जायचे आणि आतून कडी लावायचे. मी दाराला कान लावून बसायचे. आत दोन्ही गाड्या पळत असायच्या. मला वाटायचं, दोन्ही बाबाच चालवतात. मध्येच ते हसायचे. माझ्यासमोर ते तसे कधी हसले नाहीत.

आई मला लाडानं 'जळकी काडी' म्हणायची. नाव किती बरोबर ठेवलंय, हे तिला कधी कळलं नाही.

पुढे आई गेली. बाबांचा डावा हात आणि पाय अर्धांगवायूनं लुळे पडले. गाडी माळ्यावर गेली. त्यांची औषधं, अंघोळ, जेवण, सगळं मीच बघत होते. आणि सुट्टी लागली की बाबा माळ्याकडे बघत बसायचे!

गेल्या वर्षी मी म्हटलं, काढू का गाडी? मी चालवते. ते नको म्हणाले. पुन्हा विचारलं, तर तोंड फिरवलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

ते आत झोपल्यावर मी माळ्यावरून खोकं काढलं. फरशीवर रूळ जोडले. मांडी घालून बसले, आणि उजवी दांडी फिरवली.

गाडी निघाली. तेलाचा तो जुना वास आला. अडतीस वर्षं वाट पाहिली होती मी.

दोन फेऱ्या नीट झाल्या.

तिसऱ्या फेरीला गाडी खिडकीजवळ हळू झाली... मी दांडी हलवली नव्हती.

चौथ्या फेरीला पुन्हा तेच.

मी दांडी पुढे रेटली. ती मागे आली. पुन्हा रेटली... पुन्हा मागे. कुणी समोरून बोट लावून ढकलावी, तशी.

मी अंगठा घट्ट दाबून धरला. आणि अंगठ्याला काहीतरी लागलं...

थंड नव्हतं. गरम होतं. फणफणलेल्या पोराच्या हातासारखं.

ट्रान्सफॉर्मर तापतो, मला माहीत आहे. पण ट्रान्सफॉर्मरला नखं नसतात.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. मला राग आला. भीतीच्या आधी राग आला, हे आजही आठवतं. मी मोठ्यानं म्हटलं, "सोड. तू गेलीस. इथे मी आहे."

गाडी थांबली.

ट्रान्सफॉर्मरची घरघर थांबली. खालच्या रस्त्यावरचा आवाजही येईना...

मग माझं अंग तापायला लागलं. पायांपासून वर. दात वाजू लागले. हात मागे घ्यायला गेले, तो निघेना.

मागून फरफटत येणारं पाऊल ऐकू आलं. बाबा. भिंतीला धरून कसेबसे आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या शेजारी पाहिलं... खाली, जिथे बसलेल्या मुलीचं डोकं आलं असतं तिथे.

"तिला सोड, बाळा," ते म्हणाले. "तिला काही माहीत नाही. मीच सांगितलं नव्हतं."

मला त्यांनी कधीच 'बाळा' म्हटलं नव्हतं.

माझा हात सुटला.

मग ते मला सांगायला लागले. ताई गेल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत मी लपून उजव्या दांडीला हात लावला होता. तीन दिवस तापानं बेशुद्ध होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मला ताप आठवतो, दांडी आठवत नाही. कडी तेव्हापासूनची.

"तू राहिलीस, ते तिला बघवत नाही," बाबा म्हणाले.

म्हणजे इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते... आणि ती माझ्यावर.

बाबा हळूहळू जमिनीवर बसले. चांगला हात आडवा नेऊन त्यांनी डावी दांडी धरली. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाले, "हिच्या वाटेला जाऊ नकोस. मी येतो ना तुझ्याकडे. थोडं थांब."

मी तोवर उठून दारापाशी गेले होते. खोलीत बाबांशिवाय कुणी नव्हतं. त्यांचा हात डाव्या दांडीवर होता.

दोन्ही गाड्या सुरू झाल्या.

सुट्टीच्या शेवटच्या दुपारी बाबा गेले. त्याच खोलीत, रुळांशेजारी. डॉक्टरांना यायला दोन तास लागले, तरी अंग गरमच होतं. त्यांनी थर्मामीटर लावला, पाहिला, झटकून पुन्हा लावला. मग कागदावर वेळ लिहिली.

हे सगळं मी फक्त मावशीला सांगितलंय. ती म्हणते, बापानं तुझ्यासाठी जीव दिला, आणखी काय हवं तुला?

असेलही. पण 'मी येतो' म्हणतानाचा बाबांचा चेहरा मी पाहिलाय. तो घाबरलेला नव्हता. सुट्टी लागलेल्या पोरासारखा होता... मला वाचवायला गेले ते, की त्यांना फक्त निमित्त हवं होतं?

परवापासून पुन्हा सुट्टी. मी दुकानात सातही दिवस काम मागून घेतलंय. मालकांनी विचारलं, घरी कुणी नसतं का?

मी नाही म्हटलं.

आणि म्हणताक्षणी वाटलं... आपण खोटं बोललो.