असुंताचं पहिलं लग्न

मानाची साडी द्यायला म्हणून मी मार्कोच्या आजीकडे गेले होते. दोन हजार दोन साल, अबुधाबी. आमची इरा या इटालियन पोराच्या प्रेमात पडलेली. ह्यांनी आधी खूप आदळआपट केली, मग स्वतःच हॉल बुक केला.

आजी, असुंता, काळ्या कपड्यांत बसली होती. खोलीत ओल्या लोकरीचा वास. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझी लग्नं दोन झाली."

पहिला नवरा आफ्रिकेत, असमाराला कामाला. ही इटलीत, गावी. लग्न लागलं ते रिकाम्या खुर्चीवर टाकलेल्या त्याच्या कोटाशी. त्यांच्यात चालायचं म्हणे तसं. ही "हो" म्हणाली. बोटीने तिकडे पोचली तेव्हा कळलं, तो लग्नाआधीच वारला होता. मग धाकट्या दिराशी लग्न, मुलंबाळं, आणि मुलामागोमाग इथे.

"पण तो आलाच..." आजी भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "रोज रात्री शेजारी झोपतो. हो म्हटलं होतं ना मी. आमच्या प्रत्येक नव्या सुनेला लग्नाचं विचारून बघतो. इराला सांग, चेहरा दिसल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

साठी बुद्धी नाठी, म्हटलं मी मनात. तरी राहवेना, घरी येऊन पोरीला बजावलं.

"चिल, आई! आय नो माय मार्को."

आता आपल्या लग्नात अंतरपाट असतो, हे माझ्या टाळक्यात शिरायला नको? प्रल्हाद गुरुजींची मंगलाष्टकं रंगात आली होती. मी इराच्या मागेच उभी. ती मध्येच लाजली, खाली बघून पुटपुटली, "येस..."

अंतरपाट दूर झाला. समोर मार्को, हातात हार. टाळ्या, अक्षता, सगळं रीतसर.

जेवताना मी विचारलं, "मघाशी कुणाला येस म्हणालीस गं?"

"मार्कोला. ही आस्क्ड मी, इन इटालियन."

मार्को हसला. "मी? मी तर घाबरून गप्प उभा होतो."

इराचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात असुंता काठी टेकत आली. बोटातली एक झिजलेली अंगठी तिने काढली आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत इराच्या बोटात सरकवली.

"खलास," ती म्हणाली. मग माझा गाल थोपटला. "आज किती वर्षांनी एकटी झोपेन मी."